शापामागचा कायदा : फे-प्रणयकादंबऱ्यांत जुन्या परीकथा नव्याने कशा सांगितल्या जातात

गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात ‘रोमँटसी’ हा प्रकार चांगलाच फोफावला आहे. अद्भुतकथा आणि प्रणयकथा यांचा हा संकर असून, त्याच्या एका मोठ्या शाखेत नायक ‘फे’ जातीचा असतो, म्हणजे माणसासारखा दिसणारा, शेकडो वर्षे जगणारा, देखणा आणि धोकादायक असा परीराज्यातला सरदार किंवा राजपुत्र. नायिका बहुधा माणूस असते आणि सुरुवातीला तरी ती त्या राज्यात स्वखुशीने गेलेली नसते. यांतल्या बऱ्याच कादंबऱ्यांचा सांगाडा एखाद्या जुन्या परीकथेचा असतो, आणि गंमत अशी की शेकडो परीकथा उपलब्ध असूनही लेखिका पुन्हा पुन्हा त्याच चार-पाच कथांकडे वळतात. वाचकांना ओळखीची गोष्ट आवडते, एवढ्याने याचा उलगडा होत नाही, कारण ओळखीच्या गोष्टी तर इतरही पुष्कळ आहेत.

माझ्या मते खरे कारण कथेच्या रचनेत आहे. परीकथा अटी घालते, पण त्या अटींमागचे कारण सांगत नाही. एक गुलाब तोडल्याबद्दल व्यापाऱ्याने आपली मुलगी का द्यायची? रात्री शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याचे तोंड बघायचे नाही, ते का? आटपाट नगरात असे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण कहाणीला नकाशा, इतिहास आणि न्यायव्यवस्था यांची गरज नसते. चारशे पानांच्या कादंबरीला मात्र या तिन्ही गोष्टी लागतात आणि फे लोकांविषयीच्या जुन्या समजुती त्या जवळजवळ तयार स्वरूपात पुरवतात. त्या समजुतींच्या जगात प्रत्येक गोष्टीला किंमत असते, दिलेला शब्द मोडता येत नाही आणि केलेला करार पाळावाच लागतो. परीकथेतली विनाकारण वाटणारी अट तिथे गेली की कायद्याचे कलम होऊन बसते. म्हणून ज्या परीकथांचा कणा अट, अदलाबदल किंवा वचन हा आहे, त्याच या प्रकारात नीट रुजतात.

हे फे म्हणजे पंख लावलेल्या, जादूची कांडी फिरवणाऱ्या चिमुकल्या पऱ्या नव्हेत. ते रूप तुलनेने अलीकडचे असून व्हिक्टोरियन काळातल्या मुलांच्या पुस्तकांनी ते घरोघरी पोचवले. इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावातल्या दोन मुलींनी 1917 मध्ये कागदी आकृत्यांच्या आधारे पऱ्यांची छायाचित्रे काढली आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी ती खरी मानली, तोवर परी ही बागेतली निरुपद्रवी शोभा होऊन गेली होती. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या खेड्यांत परिस्थिती वेगळी होती. तिथे या मंडळींचे नाव मोठ्याने घ्यायचे नसे. त्यांना ‘भले शेजारी’ किंवा ‘चांगली माणसे’ म्हणत, कारण ती भली नव्हती आणि ऐकत असतील अशी भीती होती.

स्कॉटलंडमधल्या ॲबरफॉइल गावचे पाद्री रॉबर्ट कर्क यांनी 1691 च्या सुमारास या समजुतींवर एक टिपणवजा ग्रंथ लिहिला. माणूस आणि देवदूत यांच्या मधल्या प्रकारचे हे जीव जमिनीखाली राहतात, आपल्या बाळांना पाजण्यासाठी माणसांतल्या ओल्या बाळंतिणी पळवतात आणि त्यांना लोखंडाचे वावडे असते, असे त्यांनी नोंदवले आहे. बाळंतिणीच्या अंथरुणात लोखंडाचा तुकडा ठेवण्याची तिथली रीत वाचताना, बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवणारे आपल्याकडचे घर आठवल्यावाचून राहत नाही. कर्क 1692 मध्ये वारले, तेव्हा ते मेले नसून फे लोकांनी त्यांना नेले, अशी वदंता गावात पसरली. या समजुती केवळ शेकोटीपुरत्या नव्हत्या, हेही ध्यानात ठेवायला हवे. आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात 1895 मध्ये ब्रिजेट क्लीअरी या तरुणीला तिच्या नवऱ्याने जाळून मारले. खरी बायको पळवली गेली असून तिच्या जागी भलतेच कोणीतरी ठेवले आहे, हा त्याचा बचाव होता. आजच्या कादंबऱ्यांतल्या रुबाबदार नायकाच्या मागे ही काळी सावली आहे आणि ती पूर्णपणे पुसून टाकणारी कादंबरी हमखास मिळमिळीत होते.

कादंबरीकारांना या समजुतींतून काय मिळाले? परीराज्यातले अन्न खाल्ले तर परत येता येत नाही. तिथला एक दिवस इथल्या अनेक वर्षांएवढा असतो. आयरिश कथेतला ओशीन तरुणांच्या देशातून तीनशे वर्षांनी परतला आणि घोड्यावरून खाली पडताच जख्खड म्हातारा झाला. खरे नाव ज्याच्या हाती लागेल त्याची सत्ता चालते. लोखंड त्यांना सोसत नाही. शिवाय त्यांना खोटे आवडत नाही. वेल्सविषयी लिहिणाऱ्या जेराल्ड या बाराव्या शतकातल्या धर्मगुरूने एलिडोर नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली आहे. जमिनीखालच्या देशात गेलेल्या त्या मुलाला असे लोक भेटले जे कधी शपथ घेत नसत, कारण असत्याइतका तिटकारा त्यांना दुसऱ्या कशाचाच नव्हता. आधुनिक कादंबऱ्यांनी हा तिटकारा आणखी ताणून ‘फे खोटे बोलूच शकत नाहीत’ असा पक्का नियम केला. राजसत्तेची कल्पनाही अशीच वाढवली गेली. स्कॉटिश परंपरेत फे लोकांचे सौम्य आणि दुष्ट असे दोन गट मानले जात. वसंत, ग्रीष्म, शरद आणि हेमंत अशा ऋतूंनुसार पाडलेले दरबार मात्र अलीकडच्या लेखकांची निर्मिती आहे.

आता या नियमांवर चढवल्या जाणाऱ्या कथांकडे वळू. त्यांत सर्वांत वरचा मान ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा, म्हणजे गुलाबापायी व्यापाऱ्याची मुलगी पशूच्या घरी जाते त्या कथेचा, आणि तिचा इतिहास पाहिला की एक आश्चर्य वाटते. बहुतेकांच्या परिचयाची कथा ही जान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी 1756 मध्ये छापलेला संक्षेप आहे. त्या लंडनमध्ये मुलींच्या शिक्षिका होत्या आणि गुणी मुलीला गुणी नवरा मिळतो, हा धडा त्यांना द्यायचा होता. मूळ कथा गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांची आणि 1740 मधली. ती प्रौढांसाठी लिहिलेली, चांगली कादंबरीएवढी लांब आहे, आणि तिच्यात पशूचा पुन्हा राजपुत्र झाल्यावर गोष्ट संपत नाही. तिथून पुढे परीराज्याच्या राजकारणाचा मोठा भाग सुरू होतो. राजपुत्राची आई युद्धावर गेली असताना एका वृद्ध परीने त्याला वाढवले, तो वयात आल्यावर तिनेच त्याला लग्नाची मागणी घातली आणि त्याने नकार देताच त्याला पशू करून टाकले. आपण कोण आहोत हे सांगण्याची आणि आपली हुशारी दाखवण्याचीही त्याला बंदी होती. पऱ्यांच्या समाजाला स्वतःचे कायदे आहेत, माणसाशी लग्न केल्याबद्दल नायिकेच्या आईला तिथे शिक्षा झालेली आहे, आणि नायिका व्यापाऱ्याची पोर नसून राजा व परी यांची मुलगी असल्याचे शेवटी उघड होते.

बोमाँ बाईंनी हे सगळे छाटले. रोज रात्री व्हिलनव्हचा पशू नायिकेला ‘मी तुझ्याबरोबर झोपू का’ असे विचारतो, त्याचे त्यांनी ‘माझ्याशी लग्न करशील का’ असे केले. शाळकरी मुलींसाठी ते योग्यच होते, पण त्या कात्रीत परीकथेतली परीच कापली गेली. शाप उरला आणि शाप देणारी दोन ओळींत आटोपली. आजच्या फे-कादंबऱ्या शाप कोणी दिला, कोणत्या वैरातून दिला, कोणत्या कलमाने तो सुटतो, या प्रश्नांची उत्तरे शोधत पुढे जातात, तेव्हा त्या जुन्या कथेत भलते काही घुसडत आहेत असे म्हणता येत नाही. 1740 च्या मजकुराकडे त्या नकळत परत गेल्या आहेत.

या कथेचे मूळ फ्रान्सच्याही पलीकडे जाते. दुसऱ्या शतकातल्या आपुलेयसच्या लॅटिन ग्रंथात क्युपिड आणि साइकी यांची कथा आहे. नवऱ्याचे तोंड पाहायचे नाही ही अट साइकी मोडते, तो निघून जातो आणि सासूने सांगितलेली अशक्य कामे पार पाडून तिला त्याला परत मिळवावे लागते. नॉर्वेच्या लोककथेत नवरा दिवसा पांढरे अस्वल असतो, मेणबत्तीचे तीन थेंब त्याच्या सदऱ्यावर पडतात आणि बायकोला त्याच्या शोधात सूर्याच्या पूर्वेला, चंद्राच्या पश्चिमेला जावे लागते. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या साऱ्या कुळाला 425 हा क्रमांक आहे. लोककथांचे अभ्यासक अँड्र्यू लँग यांनी 1884 मध्ये क्युपिड-साइकीच्या शेजारी आपल्या पुरूरवा-उर्वशीला बसवले होते, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण राजाने नग्नावस्थेत आपल्या दृष्टीस पडू नये ही उर्वशीची अट आणि कशाचा जाब विचारू नये ही शंतनूला गंगेने घातलेली अट, या दोन्ही त्याच जातीच्या आहेत. फरक एवढाच की आपल्या कथांत अलौकिक जोडीदार स्त्री असते आणि ती निघून जाते. मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या बाराव्या शतकातल्या ‘लान्व्हाल’ काव्यातही प्रेयसी परी आहे आणि त्यांचे प्रेम गुप्त ठेवण्याची अट तिच्या शूर प्रियकराला पाळता येत नाही.

दुसरी महत्त्वाची कथा परीकथा नाही, पोवाड्यासारखे गायले जाणारे स्कॉटिश कथागीत आहे. ‘टॅम लिन’चा उल्लेख 1549 च्या एका स्कॉटिश ग्रंथात सापडतो, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्याकडून आलेला पाठ 1796 मध्ये छापला गेला आणि फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या 305 गीतांच्या संग्रहात तिला 39 वा क्रमांक मिळाला. सेल्कर्कजवळ एट्रिक आणि यॅरो या नद्यांच्या संगमापाशी कार्टरहॉ नावाचे रान आहे. तिथे जाणाऱ्या मुलीकडून टॅम लिन काहीतरी घेतो, अंगठी, अंगावरचे वस्त्र किंवा कौमार्य, म्हणून मुलींना तिकडे जायची मनाई असते. जॅनेट मुद्दाम जाते, गुलाब तोडते आणि तो समोर येऊन जाब विचारतो तेव्हा ‘हे रान माझ्या बापाने मला दिले आहे, तुझी परवानगी कशाला’ अशा अर्थाचे उत्तर देते. पुढे ती गरोदर राहते. टॅम लिन सांगतो की तो मूळचा माणूस आहे, घोड्यावरून पडला तेव्हा फे राणीने त्याला उचलले, आणि आता भीती ही आहे की दर सात वर्षांनी फे लोक नरकाला जो खंड भरतात त्यात यंदा त्याचा बळी जाईल. हॅलोवीनच्या रात्री त्यांची स्वारी निघेल तेव्हा जॅनेटने त्याला घोड्यावरून ओढायचे आणि तो काहीही झाला तरी सोडायचे नाही. तो साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेले लोखंड आणि निखारा होतो. ती सोडत नाही. हरलेली राणी म्हणते, हे ठाऊक असते तर तुझे डोळे काढून मी तिथे लाकडाचे बसवले असते.

प्रणयकथेला हवे असलेले सारे काही या गीतात आहे, आणि विशेष म्हणजे इथे सोडवणारी स्त्री आहे. ब्यूटीला रडायचे आणि हो म्हणायचे असते. जॅनेटला भाजून घ्यायचे असते. दोन्ही कथांत गुलाब तोडल्यावर मालक प्रकट होतो, त्यामुळे त्या एकमेकींत सहज गुंफता येतात. 2015 मध्ये आलेल्या सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ने नेमके हेच केले, आणि या प्रकाराच्या लोकप्रियतेत तिचा वाटा मोठा असल्याने तिचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. ज्यांना ती वाचायची आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

तिथे गरीब घरातली फेअरा शिकारीत एक लांडगा मारते. तो लांडगा फे निघतो आणि भरपाई म्हणून तिला त्यांच्या प्रदेशात राहायला जावे लागते. गुलाबाच्या जागी जीव आला, त्यामुळे शिक्षा अवाजवी वाटत नाही. यजमानाचे नाव टॅमलिन आहे. एका मेजवानीच्या रात्रीपासून त्याच्या दरबारातल्या सर्वांच्या चेहऱ्यांवर मुखवटे चिकटून बसले आहेत, म्हणजे न दिसणारा चेहरा साइकीकडून आला. शापाविषयी बोलण्याची त्याला बंदी आहे, ती व्हिलनव्हच्या पशूलाही होती. उत्तरार्धात फेअरा शाप देणाऱ्या राणीसमोर तीन दिव्ये करते. तिथे साइकीची कामे आणि जॅनेटची चिकाटी एकत्र येतात. लोखंडाबाबत मात्र मास यांनी गंमत केली आहे. लोखंड आणि खोटे न बोलणे या दोन्ही माणसांच्या भाबड्या समजुती ठरतात, आणि खरा उपयोग ॲश झाडाच्या लाकडाचा होतो. परंपरा माहीत असलेल्या वाचकालाही त्यामुळे नायिकेसोबत चुकता येते.

खोटे बोलता न येण्याचा नियम ज्या कादंबऱ्या पाळतात, त्यांना संवादांसाठी मोठे भांडवल मिळते. नायकाला ‘तू मला आवडत नाहीस’ असे म्हणताच येत नसेल, तर त्याला प्रश्न टाळावा लागतो, प्रतिप्रश्न करावा लागतो, किंवा अर्धे सत्य इतक्या काळजीपूर्वक मांडावे लागते की लक्षपूर्वक वाचणाऱ्याला उरलेले अर्धे कळते. प्रेमातली लपवाछपवी इथे व्याकरणाचा खेळ होते. माणूस असलेल्या नायिकेला खोटे बोलता येते, हीच तिची दुबळ्यांतली ताकद ठरते. नाव ओळखण्याच्या अटीवर उभी असलेली ‘रम्पेलस्टिल्टस्किन’ची कथाही याच कारणाने या प्रकारात मानवते, कारण तिच्यात करार, मुदत आणि पळवाट या तिन्ही गोष्टी आयत्याच आहेत.

सिंड्रेला मात्र इथे अवघडून वागते. तिची जादू फुकटची देणगी आहे, आणि फे जगात फुकट काही मिळत नाही. म्हणून चतुर लेखिका त्या प्रेमळ परीला सावकारीण करतात. झगा आणि रथ उसना, मुदत मध्यरात्रीची, आणि व्याज काय ते नंतर कळणार. एवढे केले की बाराचा ठोका एकदम अर्थपूर्ण होतो.

या साऱ्या रचनेत एक अवघड जागा आहे आणि तिच्याविषयी वाचकांत बरेच वाद होतात. जुनी कथा अपहरणाची किंवा ओलिसाची आहे, तर प्रणयकथेला नायिकेचा खरा होकार लागतो. जो दरवाजाला कुलूप लावतो त्याच्यावरच जडलेले प्रेम कितपत मोकळे म्हणायचे? त्यात नायक पाचशे वर्षांचा आणि नायिका एकोणीस-वीस वर्षांची. यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे नायकालाही कैदी करणे. शापाने तोही बांधलेला आहे, कुलूप त्याने लावलेले नाही, कायद्याने लावलेले आहे. व्हिलनव्हची युक्तीही हीच होती. मला हा तोडगा तेव्हाच पटतो जेव्हा कायदा नायकाला खरोखर काचतो आणि नायिकेला परत जाण्याची एक तरी खरी संधी मिळते. ब्यूटी घरी जाते आणि आपणहून परतते, म्हणून ती कथा तग धरून आहे. ज्या कादंबरीत अडीचशे पाने अभेद्य असलेला नियम नायकाचे प्रेम पुरेसे खोल असल्याचे कळताच गळून पडतो, ती वाचकाशी केलेला करार मोडते, मग तिच्यातली वर्णने कितीही मोहक असोत.

शेवटाचा प्रश्नही असाच आहे. परीकथेत पशूचा माणूस होतो. फे-कादंबरीत नायकाने माणूस व्हावे असे वाचकाला वाटत नाही, कारण त्याचे फे असणे हेच तर आकर्षण असते. पण तो अमर आणि ती पन्नास वर्षांत म्हातारी, हा हिशोब कुठेतरी मिटवावा लागतो, म्हणून बदलायची पाळी नायिकेवर येते. ती मरून फे म्हणून पुन्हा जिवंत होते, किंवा तिच्या रक्तात मुळातच फे अंश असल्याचे उघड होते. मास यांची फेअरा पहिल्या वाटेने जाते. दुसरी वाट व्हिलनव्हची आहे. तिच्या कथेत पशूचा राजपुत्र झाल्यावर त्याची आई व्यापाऱ्याची मुलगी सून म्हणून पत्करायला नाखूश होते, आणि नायिका परीच्या पोटची असल्याचे कळल्यावरच तो अडथळा दूर होतो. तेव्हा प्रश्न कुळाचा होता, आज आयुष्याच्या लांबीचा आहे, पण तो सोडवण्याची पद्धत सारखीच राहिली. कार्टरहॉच्या गीतात जॅनेट माणूसच राहते आणि टॅम लिनही माणूस होऊन परत येतो. हा शेवट निवडणाऱ्या लेखिका मोजक्याच आहेत, आणि त्याचे एक व्यावहारिक कारण उघड आहे : नायक-नायिका परीराज्य सोडून घरी आली, तर मालिकेचा पुढचा खंड कुठे घडवायचा?